पॅकिंगखात्यातलं गाऱ्हाणं

१

मला ही गोष्ट सांगायची नव्हती. इतकी वर्षं नाही सांगितली, माझं काही अडलं नाही. पण आमचा जावई नंदू ऐकेल तर शपथ. छापखान्यात खिळे जुळवतो, म्हणून त्याला वाटतं जगातली प्रत्येक गोष्ट छापलीच पाहिजे. त्यात खंडू न्हाव्यानं काडी लावली. नंदूला म्हणाला, "तुमचा सासरा आरशाकडे पाठ करून दाढी करतो. खुर्ची उलटी फिरवायला लावतो. वर रेडिओ बंद करायला लावतो. गिऱ्हाइकं हसतात."

हसू देत. दाढी माझी, पैसे माझे.

झालं, नंदू रोज मागे लागला. "बाबा, असं का करता ते तरी सांगा." प्रेमाला विचार म्हटलं, तर म्हणतो ती काही बोलतच नाही. ती नाहीच बोलणार. माझी पोर आहे ती, आणि तिच्याच पायी हे सगळं झालं. म्हणून लिहितो. माझी शाळा मसुऱ्यात चौथीत सुटली. शुद्धलेखन नंदू बघेल. त्यानं मजकुरात हात घातला तर मात्र हात मोडीन.

२

मी गुणाजी परब. उमेदीची सगळी वर्षं परळला मिलमध्ये साचेखात्यात काढली. मिलमध्ये मागाला साचा म्हणतात. शेकडो साचे एकदम चालले की शेजारच्याच्या कानात तोंड घालून ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून आम्ही तोंडं वाचायचो. ओठ बघायचे, बोलणं समजायचं. पार खात्याच्या त्या टोकाला मुकादम कोणाला शिव्या देतोय ते आम्ही या टोकाला वाचून हसायचो. यात हुशारी काही नाही, सगळ्याच साचेवाल्यांना ते येतं.

त्या आवाजानं उजवा कान पुरता गेला. डावा राहिला, पण त्यातून जे येतं ते भिंतीपलीकडून आल्यासारखं. मिल सुटली. बायको अंजना त्याच सुमारास वारली. मी पोरीला घेऊन कांदिवलीला चाळीत आलो आणि औषधाच्या गोळ्यांच्या एका कंपनीत लागलो. कंपनीचं नाव लिहीत नाही. माझं काम पॅकिंगखात्यात गाडी ढकलायचं. रिकाम्या बाटल्या आणायच्या, भरलेले खोके न्यायचे. प्रेमा मॅट्रिकला नापास झाली तेव्हा तिलाही तिथेच लावली. लांब टेबलं, दोन्ही बाजूंना बायका. गोळ्या मोजून बाटलीत भरायच्या, वर कापसाचा बोळा, मग झाकण, मग चिठ्ठी. दिवसभर तेच.

प्रेमा गुणगुणायची. अंजनाची एक चाल होती, तांदूळ निवडताना ती गुणगुणायची. शब्द नव्हते, नुसती चाल. अंजना गेली आणि ती चाल पोरीच्या तोंडी आली. मला ऐकू यायची नाही. पण पोर रांधताना तिच्या पाठीवर हात ठेवला की हाताला कळायची. घरात अंजनाचं एवढंच राहिलं होतं.

३

एकोणसत्तर साली खात्यात गाणी लावायला सुरुवात झाली. ही अक्कल आमच्या वेल्फेअर ऑफिसरची, टिपणीस साहेबांची. पांढरा शर्ट, तोंडात कायम खडीसाखर, बोलणं गोड. भिंतींवर लाकडी डबे ठोकले, त्यात स्पीकर. माळ्यावर काचेची केबिन होती, तिथे यंत्र ठेवलं. पहिल्या दिवशी आम्हाला भाषण दिलं.

"माणसाला वाटतं तो कानानं ऐकतो. ऐकतो मेंदू. मेंदूला एकदा ठेका मिळाला ना, की हात आपोआप चालतात. कंटाळा नाही, थकवा नाही. माणूस स्वतःला विसरतो."

मी म्हणालो, "साहेब, मी भजनात झांज वाजवतो. स्वतःला विसरलेला एकच बघितला, तो दुसऱ्याच्या चपला घालून गेला."

बायका हसल्या. टिपणीसही हसले. म्हणाले, "परब, तुमचा काही प्रश्नच नाही. तुम्हाला ऐकूच येत नाही."

त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. खरंच होतं ते.

आधी सिनेमाची गाणी लावली. बायका सोबत गायला लागल्या आणि गोळ्यांची मोजणी चुकायला लागली. मग साहेबांनी कुठून तरी टेप आणली. मोठ्या चकत्यांची. तिच्यावर गाणं नव्हतं, नुसती वाजवलेली चाल. खातं एकदम गप्प झालं. खोके इतके भराभर व्हायला लागले की मला तंबाखू मळायला फुरसत मिळेना.

मला त्या चालीतलं काही कळत नव्हतं. पण गाडीचा दांडा लोखंडी. जमिनीतून चाकात, चाकातून दांड्यात ठोके यायचे ते तळहाताला लागायचे. संथ ठेका. आणि त्यात एक जागा रिकामी होती. झांज वाजवणाऱ्या माणसाला ते लगेच कळतं. जिथे हमखास ठोका पडायला पाहिजे तिथे काहीच नाही. मग पुन्हा सुरू.

मला वाटलं, टेप फाटली असेल, चिकटवली असेल. सोडून दिलं.

४

पुढे एक दिवस गाडी टेबलाशी लावून उभा होतो. तळहाताखाली ठेका चालू. रिकामी जागा आली, आणि समोर बसलेल्या मंजुळेचे ओठ हलले.

मंजुळा ही चारकोपची कोळीण. तोंडाळ बाई, तिचे ओठ कायमच हलायचे. पण तिच्या शेजारी जयाबेन, तिचेही त्याच वेळी हलले. तिच्यापलीकडे मनोरीची एक ख्रिस्ती बाई, तिचेही. मग मी सगळ्या टेबलावरून नजर फिरवली. ठेका आला, ओठ मिटले. जागा आली, ओठ हलले. सगळ्यांचे एकदम. बोलणंही एकच.

खालचा ओठ दातांखाली जायचा. मग दोन्ही ओठ मिटून उघडायचे. मग तोंड वासायचं, मग दात दिसायचे. मी ते वाचलं आणि माझा मलाच राग आला. कारण वाचलं ते असं: व्हय म्हाराजा.

आमच्याकडचे नसतील त्यांच्यासाठी सांगतो. कोकणात कुठलंही काम काढलं, लग्न असो, विहीर असो, की आधी देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एक जण उभा राहतो, म्हणतो, बा देवा म्हाराजा, आज जो काय तुझो लेकरू अमुक करता हा, तेका यश दी, आडवो येत तेका बाजूक कर. आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, व्हय म्हाराजा! मागणारा एक, हो म्हणणारे सगळे. गावात गाऱ्हाणं मीच घालायचो. लोक म्हणायचे, गुणाजीचा आवाज देवाला लागतो.

पण गुजराथ्याच्या बाईला हे कुठून ठाऊक? ख्रिस्ती बाईला कोणी शिकवलं?

जेवणाच्या सुट्टीत मंजुळेला विचारलं, "तुम्ही सगळ्या मिळून काय म्हणता गं?"

"कनी? आमी? आमी काय बी नाय म्हनत. बोलाला येल कंचा हाय?" मग डोळे बारीक केले. "काय रं गुनाजी, तू बायकांच्या तोंडाकरं काय बगतंस? जवान पोर हाय ना तुला? लाज धर!"

टेबलावरच्या सगळ्या फिदीफिदी हसल्या. प्रेमा हसली नाही. तिनं मान खाली घातली.

५

मी घरी भिंतीवरचा आरसा काढला, खिडकीत ठेवला आणि स्वतःच्या तोंडाकडे बघत बोललो. व्हय म्हाराजा. दुसरं काय काय असं दिसतं तेही बोलून बघितलं. बोलून बोलून जबडा दुखला. एकही वाक्य तसं दिसेना. ओठ खोटं बोलत नाहीत. पण मी म्हातारा, कान गेलेले, नजर काय चांगली असणार? असं स्वतःला दहादा समजावलं.

समजूत पटेना. कारण प्रेमाचं गुणगुणणं बंद पडलं होतं.

आधी वाटलं दमत असेल. मग पाठीवर हात ठेवून म्हटलं, "बाय, आवशीची ती चाल म्हण गो."

"खंयची चाल?"

"तांदूळ निवडताना म्हणायची ती. तू कालपरवापर्यंत म्हणी होतंस."

तिनं खरंच आठवून बघितलं. कपाळाला आठ्या पडल्या. मग म्हणाली, "बाबा, आई गाणी म्हणायची?"

माझ्या हातातलं भांडं पडलं नाही की काही नाही. मी ते जागेवर ठेवलं. मग तिनं चूल फुंकली आणि भाकरी थापायला घेतली. थापताना हात थांबला. ओठ हलले. पुन्हा थापायला लागली. घरात कुठलाही डबा नव्हता, कुठलीही टेप नव्हती.

"प्रेमा! आता काय म्हणालंस?"

"मी? कायच नाय. बाबा, तुमी माझ्या तोंडाकडे कित्याक बघतास?"

तेव्हाच ठरवलं. पोरीला त्या खात्यातून काढायची. ती म्हणाली, नाही. मैत्रिणी तिथे, मन तिथे लागतं. खात्यात बसलं की डोक्यातलं सगळं शांत होतं म्हणाली. बाबा, इतकं शांत मला कुठेच वाटत नाही.

६

मग मी माझ्या परीनं सुरू केलं. बाटल्यांचा कापूस चिमूटभर घेतला, प्रेमाला म्हटलं, माझी शपथ आहे, कानात घाल. घातला बिचारीनं. मी गाडी धरून बघत राहिलो. जागा आली, ओठ हलले. बाकीच्यांच्या बरोबरीनं, जराही मागेपुढे नाही. कापसानं काय होणार? तिचे कोपर टेबलावर होते. मला दांड्यातून कळायचं, तसं तिला टेबलातून जात असेल.

टिपणीसांकडे गेलो. म्हटलं, साहेब, टेप बंद करा, बायका विसरायला लागल्यात. त्यांनी खडीसाखर पुढे केली.

"काय विसरल्या?"

"माझी पोर आईची चाल विसरली."

"परब, नवी चाल शिकलं की जुनी जाते. मेंदूत जागा तेवढीच असते ना?" मग हसले. "तुमच्याबद्दल तक्रार आलीय. मंजुळाबाई म्हणतात, तुम्ही बायकांकडे टक लावून बघता."

"तोंडाकडे बघतो. बोलणं वाचतो. साचेवाला आहे मी."

"तेच. तोंडाकडे. बंद करा ते. तुमच्या वयाला शोभत नाही."

आता हे असं. जे सांगायचं ते बघून कळलेलं, आणि बघतोस कशाला हाच गुन्हा. मी परत खात्यात आलो. नजर खाली ठेवून गाडी ढकलायला लागलो. पण तळहात काही मिटता येत नाही. ठेका चालू, रिकामी जागा, ठेका चालू. आणि मला कळायला लागलं की आता ठेका लांबत चाललाय. दोन जागांच्या मधलं अंतर वाढत होतं.

गाऱ्हाण्यात असं केव्हा होतं, मला चांगलं ठाऊक आहे. मागणं मोठं असलं की.

७

माझा दोष काढायचा तर काढा, पण मी नजर खाली ठेवून फार दिवस राहिलो नाही. पोरीला मी हाक मारतो ती "बाय." लहानपणापासून. खात्याच्या दारात मी तिला हाक मारली आणि तिनं वळून बघितलं नाही. पुन्हा मारली. शेजारच्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं तेव्हा बघितलं. माझ्याकडे नव्हे, आजूबाजूला. मी कोणाला बोलावतोय ते शोधत.

चाल गेली, आता हाक गेली. पुढचं मागणं कशाचं?

मी गाडी तिथेच सोडली आणि माळ्याचा जिना चढलो. भर सकाळ होती, सगळ्या ट्यूबलाइट चालू. केबिनचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत कोणी नव्हतं. टेबलावर यंत्र. यंत्राच्या चकत्या फिरत नव्हत्या. टेप संपून तिचं टोक लोंबत होतं. वायर भिंतीतून काढून नीट गुंडाळून ठेवलेली. यंत्रावर धूळ होती, बोट फिरवलं तर रेघ उमटली.

मी पाय जमिनीवर दाबून बघितला. जमीन ठोके देत होती.

कोपऱ्यात एक डबा होता, भिंतीवरच्यांसारखाच, पुढे जाळीदार कापड लावलेला. कापड हलत होतं. आत जायचं, बाहेर यायचं. पंखा लावलेला नव्हता.

साचेवाल्याला एक सवय असते. साचा बिघडला की तो कान देत नाही, हात देतो. तळहात ठेवला की कुठे अडतंय ते कळतं. मी त्या कापडावर तळहात ठेवला.

ते गाणं नव्हतं. गाण्याला ताल असतो, एकसारखा. हे वर चढत होतं, थांबत होतं, खाली येत होतं, पुन्हा तेच धरून वर. अशी चढउतार फक्त एकाच गोष्टीला असते. मी जन्मभर घातलंय. शब्द कळत नव्हते, पण मागणं चाललंय एवढं हाताला स्वच्छ कळलं. आणि मागणारा माझ्यापेक्षा तयारीचा होता. कुठेही श्वास घेत नव्हता.

मग ते थांबलं. रिकामी जागा आली.

समोर काच, काचेपलीकडे खाली सगळं खातं. केबिनचा दिवा चालू होता म्हणून काचेत माझं तोंडही उमटलेलं. मी बायकांकडे बघितलं. या वेळी एकीचेही ओठ हलले नाहीत. हात थांबवून सगळ्या वर बघत होत्या. मंजुळा, जयाबेन, आणि माझी प्रेमासुद्धा. वाट बघत होत्या.

हलत होतं ते एकच तोंड. काचेतलं. खालचा ओठ दातांखाली गेला, दोन्ही ओठ मिटून उघडले, तोंड वासलं, मग दात दिसले.

मला माझा आवाज आला नाही. मला तो तसाही येत नाही.

८

त्या डब्याचं मी काय केलं ते पोलिसांत लिहिलेलं असेल. काच फुटली ती डबा बाहेर फेकल्यामुळे. जिन्यावरून खाली आलो, भिंतीवरचा एकेक डबा वायरीसकट ओढून काढला. कोणी अडवायला आलं नाही. शेवटचा डबा निघाला तशी मंजुळेनं मोठी जांभई दिली. जयाबेनच्या हातातली बाटली सुटली आणि गोळ्या टेबलभर पसरल्या. झोपेतून उठवल्यासारख्या त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मग सगळ्यांनी एकदम आरडाओरडा सुरू केला.

टिपणीस धावत आले. शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. सगळ्या खात्यासमोर, माझ्या पोरीसमोर म्हणाले, "हा माणूस बायकांच्या तोंडाकडे बघतो. तक्रारी आहेत. वर माळ्यावरही तो बायका नीट दिसाव्यात म्हणून गेला. कान मिलमध्ये गेला, आता डोकंही गेलंय. आणि नीयत तर आधीच गेलेली दिसते."

मी म्हटलं, "यंत्र बंद आहे, साहेब. धूळ बसलीय त्यावर. मग वाजत काय होतं?"

क्षणभर त्यांचे ओठ नुसते हलले. मी वाचलं. पण ओठ वाचता येणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं.

मी प्रेमाचं मनगट धरलं आणि तिला ओढत बाहेर काढलं. ती रडत होती, हात सोडवत होती. मी सोडला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा जायचं म्हटलं तर दाराला बाहेरून कडी घातली आणि उंबऱ्यावर बसलो. चाळीतले लोक बोलले ते बोलले. शेवटी तिनं जायचं नाव सोडलं. भाकरी थापताना तिचा हात थांबायचा तोही हळूहळू थांबायचा बंद झाला. "बाय" म्हटलं की बघायला लागली. हे मी मिळवलं, आणि ते मिळवायला जे करावं लागलं ते पुन्हा करीन.

चाल मात्र परत आली नाही. मी तिला देऊन बघायचा प्रयत्न केला. माझ्या हाताला ती ठाऊक होती, पण हाताला ठाऊक असलेलं तोंडानं कसं म्हणणार? आणि त्या दिवसापासून माझ्या हातातही ती आहे की नाही, मला सांगता येत नाही. मी हो म्हणालो, ते कशाला, मला माहीत नाही. माझं काय गेलं ते मी खूप शोधलं. पण वस्तूबरोबर तिची आठवणही गेली असेल, तर माणूस शोधणार काय?

एका संध्याकाळी प्रेमानं मला जेवायला वाढलं आणि ताटाकडे बघत विचारलं, "बाबा, साहेब तुमच्याबद्दल म्हणाले, ता खरा काय?"

मी ताट सारून उठलो. अजूनपर्यंत या प्रश्नाचं उत्तर मी दिलेलं नाही. आपल्या पोरीला असलं उत्तर द्यायचं नसतं. ज्यानं म्हटलं त्यानं ते परत घ्यायचं असतं.

९

तिचं नंदूशी लग्न झालं तेव्हा गाऱ्हाणं घालायचा मान माझा होता. मी घातलं नाही. माझा चुलतभाऊ बळवंत गावाहून मुद्दाम आलेला, तो चिडला. "गुणाजी, पोरीच्या लग्नात देवाक गाऱ्हाणा नाय? वाट लावतलंस काय तिची?" मी म्हटलं, घालणार नाही, आणि इथे कोणी घालायचंही नाही. एकानं मागितलं की सगळे एका तोंडानं हो म्हणणार, आणि त्यात नवरीही असणार. बळवंत न जेवता गेला. प्रेमा मांडवात रडली. लोकांना वाटलं सासरी जायची म्हणून.

मंजुळा मला अधूनमधून चारकोप नाक्यावर दिसते. नोकरी सोडून परत मासळी विकायला बसली. पण ओरडत नाही. पाटीसमोर नुसती बसते. कोळीण आणि मासळीचं नाव घेऊन ओरडत नाही, हे तुम्ही कधी बघितलंत? एकदा मी विचारलं, "काय गं, बोंबील आहेत ना? मग हाक दे की." ती मंजुळा, जिनं मला चारचौघांत लाज धर म्हणून सुनावलं होतं, ती गोंधळून म्हणाली, "कशी देवाची?" हाक कशी द्यायची, हेच तिला आठवत नव्हतं.

१०

आता खंडूच्या दुकानातलं सांगतो आणि संपवतो.

मागच्या दिवाळीआधीची गोष्ट. खंडूनं खुर्ची उलटी फिरवली, रेडिओ बंद केला, माझ्या तोंडाला साबण लावला. आरसा माझ्या पाठीमागे, समोर गिऱ्हाइकांचा बाक. बाकावर एक म्हातारा येऊन बसला. पांढरा शर्ट, पार चुरगळलेला. गालात खडीसाखर. मी ओळखलं.

"टिपणीस साहेब!"

त्यांनी मान वर केली. ओळखीचं हसू नाही, काही नाही. नुसता शांत चेहरा. इतका शांत चेहरा मी मेलेल्या माणसाचाही बघितला नाही.

खंडू म्हणाला, "काका, हलू नका, वस्तरा लागेल." मी त्याचा हात बाजूला केला.

"साहेब, मी गुणाजी परब. पॅकिंगखात्यातला. तुम्ही माझ्या पोरीसमोर माझ्याबद्दल जे बोललात ते खोटं होतं. पोर इथून दोन चाळी सोडून राहते. आता माझ्याबरोबर चला आणि तिच्यासमोर माफी मागा."

त्यांचे ओठ हलले. खंडू नंतर म्हणाला, आवाज काही आला नाही बुवा. मला आवाजाची गरज नव्हती.

व्हय म्हाराजा.

"मग उठा."

व्हय म्हाराजा. पण उठले नाहीत.

"तुम्ही खोटं बोललात. हो की नाही?"

व्हय म्हाराजा.

मला आधी वाटलं, चला, कबूल तरी केलं. मग माझ्या लक्षात आलं की ते माझ्याकडे बघतच नव्हते. मी बोलत असताना नाही, आणि उत्तर देतानाही नाही. माझं बोलून झालं, मी तोंड मिटलं, साबण ओठांवर वाळायला लागला. तरी त्यांचे ओठ हलतच होते. थोडं थांबून, व्हय म्हाराजा. पुन्हा थोडं थांबून, व्हय म्हाराजा. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे लागलेली होती. आरशात. जसं तिथे कोणीतरी बोलतंय, मागतंय, आणि हे ऐकून घेतायत.

माझ्या पाठीमागच्या आरशात माझंच तोंड असणार. दुसरं कोणाचं असेल?

खंडूचा वस्तरा हवेतच राहिला होता. तोही आरशाकडे बघत होता. मी विचारलं, "काय बघतोस रे?" तो म्हणाला, "काही नाही, काका." मी वळलो नाही. साबण टॉवेलनं पुसला आणि अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर पडलो.

नंदू, हे वाचून तू प्रेमाला दाखव. खुर्ची उलटी का, ते तुला कळलं असेल. आणि गावातले असोत की इथले, कोणी मला समजवायला येऊ नका की म्हातारा हो म्हणाला, झालं, सोडून दे. ते हो माझ्यासाठी नव्हतं. माझ्यासाठी त्या माणसाच्या तोंडून एकच वाक्य यायला पाहिजे, माझ्या पोरीसमोर, माझ्या डोळ्यांत बघून, आणि ते मी मिळवणार. खंडूच्या दुकानासमोर रोज सकाळी बसतो ते उन्हासाठी नाही. त्याची वाट बघतो.

त्या माणसाचं पूर्ण नाव छाप, नंदू: शरच्चंद्र टिपणीस.